नोवा हुता: क्राकूफच्या पूर्वेचे पोलादनगर, आणि तिथे राहायला जावे का?

पांथस्थ

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त गेली दोन वर्षे मी पोलंडमधील क्राकूफ शहरात राहतो. पुढच्या महिन्यात पत्नी आणि नऊ वर्षांची मुलगी इकडे येत असल्यामुळे मोठे घर शोधणे चालू आहे. जुन्या शहरालगतची भाडी परवडणारी नाहीत, म्हणून मुख्य चौकापासून पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवर असलेल्या नोवा हुता या भागातले एक घर पाहून आलो. १९५०च्या दशकातली तीन मजली इमारत, हातभर जाडीच्या विटांच्या भिंती, खिडकीखाली चेस्टनटची मोठी झाडे आणि चारही बाजूंनी इमारतींनी वेढलेले, रहदारीचा त्रास नसलेले अंगण. घर मनात भरले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत हे सांगितले, तर याच शहरात जन्मलेल्या दोन सहकाऱ्यांचे चेहरे उतरले. "तिथे कशाला जाता? ते क्राकूफ नव्हेच," असे एक जण म्हणाला. दुसऱ्याने त्या भागाला स्टालिनच्या काळाने शहरावर पाडलेला डाग म्हटले. दोघेही मनाने चांगले आहेत आणि कोणीही चेष्टेने बोलत नव्हते, म्हणून ते शब्द मला लागून राहिले.

थोडी माहिती मी गोळा केली आहे. नोवा हुता म्हणजे नवा पोलाद कारखाना. १९४९ साली नव्या साम्यवादी सरकारने इथे एक प्रचंड कारखाना आणि त्याच्या कामगारांसाठी एक लाख वस्तीचे शहर बांधायला घेतले. १९५१ साली ते क्राकूफला जोडले गेले आणि १९५४ साली पहिली झोतभट्टी, म्हणजे खनिजातून लोखंड काढणारी भट्टी, पेटली. कारखान्याला लेनिनचे नाव देण्यात आले होते.

माझा प्रश्न असा आहे की, एखादी वस्ती ज्या राजवटीने वसवली, त्या राजवटीचे पाप वस्तीच्या माथी किती पिढ्या मारत राहायचे? जाणकारांनी आणि विशेषतः तिथे राहिलेल्यांनी लिहावे.

अनघा_देव

मी तिथे चार वर्षे राहिले आहे, त्यामुळे आधी व्यवहाराचे सांगते. जुन्या नोवा हुतात पत्त्यात रस्त्याचे नाव नसते. 'ओशेद्ले' म्हणजे वसाहत, तिचे नाव आणि पुढे इमारतीचा क्रमांक, एवढाच पत्ता. क्रमांकही रांगेने येत नाहीत. सातच्या शेजारी बावीस निघू शकतो. पहिल्या हिवाळ्यात माझे सामान घेऊन आलेला माणूस अर्धा तास अंगणातून अंगणात फिरत होता आणि मी वरच्या खिडकीतून त्याला हाका मारत होते. महिनाभरात मात्र सगळे अंगवळणी पडते, कारण शाळा, दवाखाना, पोळीभाकरीचे दुकान, बालवाडी हे सारे चालण्याच्या अंतरात असते आणि लहान मुलाला मोठा रस्ता ओलांडावा लागत नाही.

गावात जायला चार क्रमांकाची ट्राम आहे आणि तिने अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. तुमचे घर कोणत्या ओशेद्लेमध्ये आहे?

पांथस्थ

तेआत्राल्ने. नाट्यगृहाजवळची वसाहत.

स्थापत्यवेडा

धागाकर्त्यांनी उत्तम विषय काढला आहे. नगररचनेच्या विद्यार्थ्याच्या दृष्टीने नोवा हुता हा युरोपातला एक अपवादात्मक नमुना आहे, कारण मोकळ्या शेतजमिनीवर एकाच आराखड्याने, एकाच दशकात उभे राहिलेले एवढे मोठे शहर फार विरळा सापडते. तादेउश प्ताशित्स्की हे मुख्य वास्तुविशारद होते. त्यांनी प्लाट्स त्सेंट्राल्नी, म्हणजे मध्यवर्ती चौक, या एका बिंदूतून पंख्याच्या काड्यांसारखे मोठे मार्ग काढले आणि त्यांच्या मधल्या पाचरींत वसाहती बसवल्या. प्रत्येक वसाहत पाच-सहा हजार माणसांची आणि आपल्यापुरती पूर्ण असावी, ही कल्पना इंग्लंड-अमेरिकेतल्या उद्याननगरांच्या विचारातून आली होती. मॉस्कोहून आला तो तिच्यावर चढवलेला पोशाख.

तो पोशाखही पुरता मॉस्कोचा नाही. 'आशयाने समाजवादी, रूपाने राष्ट्रीय' असे तेव्हाचे फर्मान होते आणि पोलिश वास्तुविशारदांनी 'राष्ट्रीय' हा शब्द मनापासून घेतला. कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या दोन कार्यालयीन इमारती पाहाव्यात. त्यांच्या माथ्यावर पोलिश प्रबोधनकाळातल्या वाड्यांना असतात तशा नक्षीदार कठड्यांच्या रांगा आहेत. लोकांनी त्यांना व्हेनिसच्या अधिपतींच्या राजवाड्याचे नाव ठेवले ते उगीच नाही.

आराखडा पुरा मात्र झाला नाही. नगरभवन कागदावरच राहिले. मध्यवर्ती चौकाची दक्षिण बाजू उघडीच राहिली आणि माझ्या मते तीच या शहराची सर्वांत सुंदर गोष्ट ठरली, कारण तिथून उतार संपताच विस्तुला नदीच्या जुन्या पात्रातली ओलसर कुरणे सुरू होतात. शहराच्या ऐन मध्यबिंदूपासून पाच मिनिटांत माणूस गुडघाभर गवतात आणि पाखरांच्या आवाजात पोचतो.

तेआत्राल्ने ही वसाहत जिच्या नावाने ओळखली जाते, ते लोकनाट्यगृह १९५५ साली सुरू झाले आणि क्रिस्तिना स्कुशांका या त्याच्या पहिल्या दिग्दर्शक-संचालिका होत्या. कामगारांना गंभीर नाटक पेलेल, हा विश्वास त्या बाईंनी धरला.

जुनीपाने

स्थापत्यवेडा यांचा प्रतिसाद आवडला. पण 'डाग' हा शब्द क्राकूफकरांच्या तोंडी का येतो, हे समजून घ्यायचे तर १९४६ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षी ३० जूनला सरकारने तीन प्रश्नांवर जनमत घेतले आणि तिन्हींना 'होय' म्हणा असा जोरदार प्रचार केला. देशभरच्या निकालात फेरफार झाले, परंतु क्राकूफने मोठ्या बहुमताने 'नाही' म्हटले हे लपून राहिले नाही. विद्यापीठाचे, धर्मपीठाचे, जुन्या घराण्यांचे हे शहर नव्या सत्तेला जुमानत नव्हते. तीन वर्षांनी त्याच शहराच्या उशाशी कामगारांचे नगर वसवण्याचा निर्णय झाला, तेव्हा 'ही आम्हाला दिलेली शिक्षा आहे' असे लोकांना वाटले आणि ते आजतागायत वाटते.

माझे स्वतःचे मत असे की शिक्षेचा हेतू असलाच तरी तो एकटा पुरेसा नव्हता. सपाट जमीन, नदीचे पाणी, पश्चिमेला सायलेशियाचा कोळसा, पूर्वेकडून सोव्हिएत संघातून येणारे लोहखनिज, मधून जाणारा लोहमार्ग आणि आसपासच्या गावांत तुकड्या-तुकड्यांच्या शेतीवर न भागणारी तरुण मुले, एवढी कारणे एका जागी आल्यावर कोणत्याही नियोजनकाराचे बोट नकाशावर इथेच पडले असते.

रानवारा

सपाट जमीन म्हटले म्हणजे ती मोकळी होती असे होत नाही. आमचे घराणे धरणग्रस्तांचे आहे, म्हणून 'मोकळ्या शेतजमिनीवर' हे शब्द वाचताना थांबावे लागले.

मोगिवा, प्लेशूफ, ब्येंचित्से, क्शेस्वावित्से ही तिथली गावे शेकडो वर्षांची होती. मोगिव्याचा सिस्टर्शियन या ख्रिस्ती साधूपंथाचा मठ १२२२ सालचा आहे आणि आजही चालू आहे. त्याच्या समोरचे लाकडी चर्च पंधराव्या शतकातले आहे. क्शेस्वावित्सेला विख्यात चित्रकार यान मातेय्को यांचे घर होते. जमीन काळी, कसदार, पोलंडमधल्या उत्तम जमिनींपैकी एक. नवाश्मयुगापासून माणूस तिथे राहत असल्याचे खुदाईत दिसले आहे. अशी जमीन सरकारने ठरवलेल्या तुटपुंज्या मोबदल्यात गेली आणि शेतकऱ्याला विचारले कोणी नाही. कारखाना दुसरीकडे हलवता आला असता. ती माती हलवता येत नव्हती.

पहिली इमारत जिथे उभी राहिली, त्या वसाहतीला वांदाचे नाव दिले. वांदा ही क्राकूफच्या संस्थापक राजाची दंतकथेतली मुलगी. परक्या जर्मन राजपुत्राशी लग्न टाळून देशावरचे युद्ध टळावे म्हणून तिने विस्तुलेत उडी घेतली आणि तिचा देह मोगिव्यापाशी सापडला, असे सांगतात. तिच्या नावाची चौदा मीटर उंच मातीची टेकडी कारखान्याच्या कुंपणाजवळ अजून आहे आणि 'मोगिवा' या शब्दाचा अर्थच थडगे असा आहे. पांथस्थ, मुलीला तिथे अवश्य घेऊन जा. ती टेकडी या सगळ्यांच्या आधीची आहे.

स्थापत्यवेडा

रानवारा, आपले म्हणणे मान्य आहे. 'मोकळी' हा माझा शब्द चुकला.

भिलाईकर

माझे बालपण भिलाईच्या पोलाद वसाहतीत गेले. वडील नागपूरहून तिथे नोकरीला गेले होते, आणि आमच्या सेक्टरमध्ये मराठी घरे इतकी होती की गणपतीत दहा दिवस सगळे मराठीतूनच चाले. भिलाईचा कारखानाही सोव्हिएत साहाय्याने उभा राहिला आणि पहिली झोतभट्टी १९५९ साली, म्हणजे नोवा हुताच्या पाच वर्षांनी, सुरू झाली. अनघाताईंनी पत्त्याचे लिहिले ते वाचून आमचा 'सेक्टर, स्ट्रीट, क्वार्टर' असा आकड्यांचा पत्ता आठवला. गावाकडच्या आजोबांना तो कधी पाठ झाला नाही.

एक विचारायचे आहे. आमच्याकडे पहिल्या पिढीला वसाहतीचा अभिमान होता, कारण नळाचे पाणी आणि विजेचा दिवा त्यांनी तिथेच पहिल्यांदा स्वतःच्या घरात पाहिला. नोवा हुतातल्या पहिल्या पिढीला काय वाटत होते?

अनघा_देव

भिलाईकर, माझ्या खालच्या मजल्यावर एक आजी राहत. ऐंशी ओलांडलेल्या होत्या. पूर्वेकडच्या एका खेड्यातून सतराव्या वर्षी एक पेटी आणि आईने दिलेली उशी घेऊन त्या इथे आल्या. पहिली दोन वर्षे लाकडी बराकीत एका खोलीत बारा मुली राहत होत्या. चिखल एवढा की बूट रुतून पायातून निघून येई. त्या विटा वाहत, पुढे विटकाम शिकल्या. घराची किल्ली हातात पडली त्या दिवशी त्यांनी न्हाणीघरातला गरम पाण्याचा नळ सोडला आणि नुसत्या पाहत बसल्या, असे त्यांनी मला सांगितले. त्याच आजी दर रविवारी चर्चला जात आणि पक्षाचे नाव काढले की तोंड फिरवत. घरावरची माया आणि पक्षावरचा राग या दोन्ही गोष्टी त्यांच्या घरात एका टेबलावर सुखाने नांदत होत्या, आणि मला त्यात कधी विसंगती वाटली नाही.

जुनीपाने

बराकींमधल्या त्या हालांबद्दल १९५५ साली एका तरुण वार्ताहराने युवकांच्या दैनिकात स्पष्ट लिहिले होते. आधी गदारोळ झाला, मग चौकशी होऊन त्याचे म्हणणे खरे निघाले आणि सरकारला त्यालाच पदक द्यावे लागले. तो वार्ताहर म्हणजे रिशार्द कापुश्चिन्स्की. पुढे त्यांचे नाव जगभर झाले.

विटकामाच्या बाबतीत प्योत्र ओझान्स्की हे नाव सांगितले पाहिजे. १९५० साली त्याच्या टोळीने एका पाळीत तीस हजारांहून अधिक विटा रचल्या आणि सरकारने त्याला आदर्श कामगार म्हणून देशभर मिरवले. आंद्रे वायदा यांच्या १९७७च्या चित्रपटातला गवंडी त्याच्यावरच बेतलेला आहे.

सविता_जोग

अनघाताईंच्या आजींचा रविवार वाचून लिहिल्यावाचून राहवत नाही. नोवा हुताची गोष्ट चर्चशिवाय अपुरी आहे, आणि पांथस्थ यांनी पाहिलेले घर तर त्या गोष्टीच्या अगदी जन्मस्थळी आहे.

हे शहर देवावाचून राहील असे ठरले होते. आराखड्यात नाट्यगृह होते, चित्रपटगृह होते, चर्चला जागा नव्हती. १९५६ नंतर राजवट थोडी सैल झाली तेव्हा लोकांनी परवानगी मिळवली आणि तेआत्राल्नेजवळ, मार्क्स आणि मायाकोव्स्की यांच्या नावांच्या रस्त्यांच्या कोपऱ्यावर, एक साधा लाकडी क्रूस उभा केला. पुढे सरकारने शब्द फिरवला आणि तिथे शाळा बांधायचे ठरवले. २७ एप्रिल १९६० रोजी क्रूस उपटायला माणसे आली. आधी धावल्या त्या आसपासच्या बायका. मग पाळी संपवून कारखान्यातले पुरुष आले. रात्रीपर्यंत दगड, अश्रुधूर आणि गोळ्या चालल्या आणि शेकडो लोकांना अटक झाली. ज्यांना नव्या व्यवस्थेचे लाडके अपत्य म्हणून वाढवले, तेच कामगार एका लाकडी क्रूसासाठी पोलिसांसमोर उभे राहिले. क्रूस राहिला. त्या रस्त्याला आज क्रूसरक्षकांचे नाव आहे.

चर्च मिळायला आणखी सतरा वर्षे लागली. कारोल वोयतिवा, म्हणजे पुढे पोप झालेले दुसरे जॉन पॉल, तेव्हा क्राकूफला बिशप होते आणि नाताळच्या मध्यरात्री ब्येंचित्सेच्या उघड्या माळावर, बर्फात, प्रार्थना घेत. १९६७ साली परवानगी मिळाली. वोइचेख प्येत्शिक या वास्तुविशारदांनी नोहाच्या तारवासारख्या आकाराचे चर्च रचले. त्याला 'आर्का पाना', प्रभूचे तारू, म्हणतात. सरकारने यंत्रे दिली नाहीत, तेव्हा लोकांनी सुट्टीच्या दिवशी हातांनी माती काढली आणि परदेशांतूनही स्वयंसेवक आले. १५ मे १९७७ रोजी वोयतिवांनीच त्याचे पवित्रीकरण केले.

मी तिथे गेले तेव्हा बाहेरच्या भिंतीजवळ बराच वेळ उभी होते. सगळी भिंत नदीतल्या गोट्यांनी मढवलेली आहे, सुमारे वीस लाख गोटे आहेत, आणि ते लोकांनी देशभरच्या नद्यांतून वेचून आणले. कोणी पिशवीतून, कोणी खिशातून. हात लावला तर कळते की एकही दुसऱ्यासारखा नाही; काही अंड्याएवढे, काही मुठीएवढे, एखाद्यावर तांबूस शीर. खालच्या रांगांतले गोटे हातांच्या स्पर्शाने गुळगुळीत झाले आहेत. आत प्रसादपेटीत अपोलो मोहिमेने आणलेला चंद्रावरचा खडा बसवला आहे, पण मला त्यापेक्षा त्या गोट्यांचे मोल अधिक वाटले.

गोदाकाठ

सविताताई, प्रतिसाद वाचताना अंगावर काटा आला. धन्यवाद.

जुनीपाने

सविताताईंच्या लेखनाला पुढची कडी जोडतो. सॉलिडॅरिटी या सरकारपासून स्वतंत्र कामगार संघटनेच्या चळवळीचा हा कारखाना बालेकिल्ला होता. १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा लागला, कामगारांनी कारखाना ताब्यात घेतला आणि तीन दिवसांनी रणगाड्यांनी फाटक तोडून संप मोडला गेला. १३ ऑक्टोबर १९८२ रोजी आर्का पानाजवळ बोग्दान व्वोशिक या वीस वर्षांच्या कामगाराला गुप्त पोलिसांच्या अधिकाऱ्याने गोळी घातली. त्याच्या अंत्ययात्रेला हजारो माणसे होती. १९८८च्या एप्रिल-मे महिन्यांतला इथला संप हा राजवट कोसळण्याआधीच्या मोठ्या संपांपैकी एक होता.

'गुलाबांचा मार्ग' नावाच्या इथल्या रस्त्यावर १९७३ साली लेनिनचा प्रचंड पुतळा उभारला होता. १९७९ साली कोणी तरी त्याच्या पायाशी स्फोट घडवला. टाच गेली, पुतळा तगला. डिसेंबर १९८९ मध्ये तो उतरवला आणि पुढे स्वीडनमधल्या एका मनोरंजन उद्यानाने तो विकत घेतला. मध्यवर्ती चौकाला २००४ साली रोनाल्ड रेगन यांचे नाव दिले.

रानवारा

रेगन यांच्या नावाशी मी सहमत नाही. चौकाला नाव द्यायचेच होते तर व्वोशिकचे द्यायचे. जिथे माणसे मेली तिथे परदेशी अध्यक्षांचे नाव कशाला?

अनघा_देव

रानवारा, व्यवहारात ते नाव कोणाच्या तोंडी नाही. ट्राममध्ये, बाजारात, सगळे 'प्लाट्स त्सेंट्राल्नी' असेच म्हणतात. व्वोशिकचे स्मारक तो पडला तिथेच आहे आणि त्यावर फुले असतात.

हरितवाट

इतके सगळे प्रतिसाद झाले आणि धुराबद्दल कोणी लिहिले नाही, याचे वाईट वाटले. १९७८ साली जागतिक वारशाची पहिली यादी निघाली तेव्हा क्राकूफचे जुने शहर तिच्यात होते, आणि त्याच दशकात हा कारखाना वर्षाला साठ लाख टनांहून अधिक पोलाद काढत होता. चाळीस हजारांच्या आसपास माणसे तिथे कामाला होती. त्या भट्ट्यांतून निघालेले गंधकाचे वायू पावसात मिसळून चर्चांच्या दगडी मूर्तींची नाके-बोटे झिजवत होते. माणसांच्या फुप्फुसांचे काय झाले असेल ते वेगळे सांगायला नको. पोलिश पर्यावरण मंडळ १९८० साली क्राकूफमध्येच स्थापन झाले, ते या धुरामुळे आणि स्काविना इथल्या ॲल्युमिनियम कारखान्यामुळे. पांथस्थ यांच्या सहकाऱ्यांनी 'डाग' म्हटले, त्यात त्यांच्या आईवडिलांनी खिडकीच्या चौकटीवरून रोज पुसलेली काजळीही आहे. तिला दुराग्रह म्हणता येणार नाही.

स्थापत्यवेडा

काजळी खरी आहे. तरी हिशेब पुरा मांडावा. क्राकूफ खोलगट दरीत आहे, हिवाळ्यात वारा वाहत नाही, आणि जुन्या शहरातल्या घराघरांत कोळशाच्या शेगड्या होत्या. १ सप्टेंबर २०१९ पासून शहरात कोळसा आणि लाकूड जाळण्यावर पूर्ण बंदी आली आणि त्यानंतर हवेत जो फरक पडला, तो कारखान्याकडे बोट दाखवणाऱ्यांनीही पाहिला. नोवा हुतातल्या इमारतींना केंद्रीय उष्णतापुरवठा असल्यामुळे तिथे घरोघरी शेगड्या नव्हत्याच.

हरितवाट

शेगड्यांचा वाटा मान्य. मोगिव्याच्या बागांतल्या भाज्यांवर बसणारी धूळ मात्र शेगड्यांची नव्हती.

लोहविद्या

मी धातुशास्त्राचा माणूस, म्हणून कारखान्याच्या आजच्या स्थितीबद्दल लिहितो. १९९० साली लेनिनचे नाव काढून तादेउश सेंझिमिर यांचे दिले गेले. हे पोलिश अभियंते अमेरिकेत गेले आणि पातळ पत्रा लाटण्याचे त्यांचे तंत्र जगभर पसरले. स्टेनलेस स्टीलच्या धंद्यातला आपल्याकडचा कामगारही 'सेंझिमिर मिल' हे शब्द रोज उच्चारतो. नोवा हुताशी आपल्या लोकांचे हे नकळतचे नाते आहे. नंतर लक्ष्मी मित्तल यांच्या समूहाने पोलंडचे पोलाद कारखाने घेतले आणि हा कारखाना आर्सेलरमित्तलचा झाला.

नोव्हेंबर २०१९ मध्ये शेवटची चालू झोतभट्टी, पाच क्रमांकाची, थांबवली गेली आणि पुढच्या वर्षी ती कायमची बंद केल्याचे जाहीर झाले. झोतभट्टी थांबवणे म्हणजे काय हे ज्याने पाहिले नाही त्याला सांगणे कठीण आहे. ती रात्रंदिवस, सणासुदीला, वर्षानुवर्षे पेटती असते. पाळ्या तिच्याभोवती बांधलेल्या असतात आणि अखेरचा रस ओतून ती थंड झाली की आतले विटांचे अस्तर तडकते. पुन्हा पेटवायची तर जवळपास नवी बांधावी लागते. पासष्ट वर्षे तिथे कोणती ना कोणती भट्टी जळत होती आणि रात्रीचे आभाळ लाल दिसत होते. आता पोलादाच्या लाद्या दोम्ब्रोवा गुर्निचा इथून रेल्वेने येतात आणि इथे फक्त लाटल्या जातात. हरितवाट यांना हवा स्वच्छ झाल्याचा आनंद होणे योग्यच आहे. भट्टीवर उमेदीची वर्षे घातलेल्यांच्या दुःखालाही त्यात जागा असावी.

भिलाईकर

लोहविद्या, आमच्या घराच्या गच्चीवरूनही ते लाल आभाळ दिसे. आई त्यावरून वडिलांची पाळी कशी चालली आहे याचा अंदाज करी.

गोदाकाठ

मूळ प्रश्नाकडे वळून विचारते. आज तिथे कोण राहते? ओसाड पडले आहे का?

अनघा_देव

मुळीच नाही. एक लाखासाठी आखलेला हा परिसर पुढे ब्येंचित्से, मिस्त्शेयोवित्से असा वाढत दोन लाखांपुढे गेला. १९९१ साली त्याचे पाच प्रभाग झाले. नोवा हुता हे नाव आता कागदोपत्री त्यातल्या अठराव्या प्रभागाला आहे. जुन्या भागात म्हातारी माणसे बरीच आहेत, पण गेल्या काही वर्षांत कलावंत, विद्यार्थी आणि तुमच्यासारखी भाड्याला कंटाळलेली तरुण कुटुंबे येऊ लागली आहेत. श्व्यातोवीद चित्रपटगृहाच्या इमारतीत आता नोवा हुताचे संग्रहालय आहे. दूधघरात, म्हणजे सरकारी काळातल्या स्वस्त खानावळीत, आजही दुपारी रांग लागते. खिडकीतून वाफाळते पिएरोगी आणि बीटचे सूप मिळते, ताट स्वतः परत नेऊन द्यायचे. २०२३ साली जुन्या नोवा हुताच्या नगररचनेला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. तुमच्या सहकाऱ्यांना एवढे जरूर सांगा.

पांथस्थ

सर्वांचे मनापासून आभार. काल रविवारी पुन्हा गेलो आणि या वेळी आपल्या प्रतिसादांच्या क्रमाने फिरलो. क्रूसाजवळ थांबलो, तिथून आर्का पानाला गेलो आणि सविताताईंनी लिहिल्याप्रमाणे भिंतीला हात लावला. खाली, माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, खरोखरच एक तांबूस शिरेचा गोटा आहे. दुपारी वांदाच्या टेकडीवर चढलो. एका बाजूला मठाचा मनोरा दिसतो, दुसऱ्या बाजूला धूर नसलेली धुराडी. रानवारा यांचा राग आणि लोहविद्या यांचे दुःख हे दोन्ही तिथून एकाच नजरेत येतात.

आज सकाळी 'डाग' म्हणणाऱ्या सहकाऱ्याशी बोललो. संग्रहालय आणि स्मारकाच्या दर्जाबद्दल सांगितले. तो बराच वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला की त्याचे आजोबा १९५२ पासून तिथे क्रेनवर होते, पण घरात ते कधी बोलले जात नसे. शनिवारी तो माझ्याबरोबर घर पाहायला येणार आहे.

भाडेकरार मात्र मी त्याआधीच केला. मुलीला दूरध्वनीवर पत्ता लिहून घ्यायला सांगितला, तर तिने रस्त्याचे नाव तीनदा विचारले.

अनघा_देव

अभिनंदन! एक काम विसरू नका. त्या काळी दोनशेहून अधिक इमारतींखाली अणुयुद्धाच्या भीतीने आसरे बांधले होते आणि तुमची इमारत त्यातली असू शकते. तळघराचे दार जाड लोखंडी असेल तर समजा. लोक तिथे सायकली आणि बटाट्यांची पोती ठेवतात. घरमालकाकडून तळघराची किल्ली पहिल्याच दिवशी मागून घ्या, नाही तर हिवाळ्यात मुलीची सायकल जिन्यात राहील आणि शेजारच्या आजी बोलतील.